हँग झालेली दुपार

"हलतोय का?"

"न्हाय!"

"आता?"

"अरे, पापणीसुद्धा लवत न्हाय त्याची!"

मल्लिनाथमामा कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसले होते. पडद्यावरचा बाण भिंतीवरच्या पालीसारखा जागच्या जागी चिकटला होता. सोनारी गावात त्या दिवशी दुपारही अशी काही साचली होती, की चिंचेवरून उडी मारलेलं वानर अर्ध्या वाटेत थांबलं, जांभई दिली आणि मगच खाली आलं. श्रेयसनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कुणी विश्वास ठेवला नाही, ही गोष्ट वेगळी.

श्रेयस आणि त्याची मोठी बहीण निवेदिता दिवाळीच्या सुट्टीत धाराशिवहून मामांकडे आले होते. मामा गावच्या शेळीपालन संस्थेत कारकून. त्यांच्या गल्लीतली अलिजा ही निवेदिताची दर सुट्टीतली मैत्रीण. आज तिघंही ऑफिसात होते, कारण दारात अलिजाच्या अब्बांचा, म्हणजे शेळ्यांचे व्यापारी शब्बीरभाईंचा टेम्पो उभा होता. टेम्पोभर शेळ्या. सगळ्या काळ्याभोर. जणू अमावास्या कापून तिचे तुकडे दाव्याला बांधले होते!

आणि टेम्पोपाशी नागूबाई मावशी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. सकाळी पाला दिसला म्हणून त्यांची शेळी काजळी फळीवरून टेम्पोत चढली होती. पण यातली काजळी कोणती?

"मावशी, एक शेळी जास्त भरतीया, हे खरं हाय," शब्बीरभाई म्हणाले. "परक्याची शेळी मला हजम व्हायची न्हाय. पण तुमी आत्तापतोर तीन शेळ्यांना काजळी म्हणून मिठ्या मारल्यात!"

"डोळे अधू हायती रं बाबा माझे!" नागूबाई म्हणाल्या. "हाक मारली की सगळ्याच ओरडत्यात. दिवस मावळायच्या आत तू उमरग्याच्या वाटंला लागणार. मग कुठं हुडकू मी तिला?"

संस्थेनं प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला टोचला होता. मुठीत मावेल एवढं एक यंत्र बिल्ल्याला लावलं की ते 'टिक' करून आकडा पोटात ठेवायचं. त्याची काच मात्र कधीच फुटली होती, त्यामुळे आकडा बघायचा, तर यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं. मग शेळी कुणाची, ते पडद्यावर उमटायचं. मामांनी ओळीनं सगळे कान टिपून आणले होते. पण यंत्र जोडलं रे जोडलं, की कॉम्प्युटर हँग!

मामांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. बाजूनं दोन चापट्या मारल्या. उदबत्ती ओवाळली. पुन्हा यंत्र जोडलं. पुन्हा बाण झोपला!

"श्रेयस, तूच ह्याच्यात गेम घातलास, व्हय ना?"

"मामा! मी हात तरी लावलाय का? तुम्ही लावू देता का?"

ते खरं होतं. सोनारीच्या वानरांच्या धाकानं मामांनी कॉम्प्युटरचा डबा लोखंडी पिंजऱ्यात कोंडला होता. समोर हात जाईल एवढी फट, पिंजऱ्याला कुलूप आणि किल्ली मामांच्या करगोट्याला!

"यंत्रच बिघडलंय," श्रेयस म्हणाला.

"नाही, केबल," अलिजा म्हणाली.

निवेदितानं यंत्र त्याच केबलनं मामांच्या मोबाइलच्या चार्जरला लावलं. हिरवा दिवा लागला!

"म्हणजे दोन्ही जिवंत आहेत. मामा, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर सगळं नीट चालतंय. ते सगळं मागच्या बाजूला जोडलंय. यंत्र तेवढं पुढं जोडता. ते मागं लावून बघूया?"

"आत हात घालायचा न्हाय! मशीन पोरासोरांचं न्हवं!"

बाहेर सावल्या लांब होत चालल्या होत्या. शब्बीरभाई टेम्पोची हवा बघत होते. एवढ्यात अलिजा खिडकीतून ओरडली, "मामा! वानरानं तुमची चप्पल नेली!"

"आँ?" मामा असे धावले, की त्यांची सावली ऑफिसातच राहिली आणि मग घाईघाईनं त्यांच्यामागे गेली!

"खोटं बोललीस?" निवेदितानं विचारलं.

"खोटं कशाला? केव्हाच नेलीय. मी फक्त जरा उशिरा सांगितलं!"

"चला, लवकर! श्रेयस, तुझा हात सगळ्यात बारीक. मागून माऊसची वायर काढ, तोच पुढं लावून बघू. थांब! आधी कॉम्प्युटर बंद करू दे."

श्रेयसनं गजांतून खांद्यापर्यंत हात घातला. आत धुळीची मऊ गादी होती. कुठल्यातरी प्राण्याच्या पोटावरून हात फिरवावा, तसं त्याला वाटलं. वायर निघाली. निवेदितानं कॉम्प्युटर चालू केला आणि माऊस पुढच्या भोकात खोचला.

बाण थांबला. पडद्यावरचं घड्याळ थांबलं. पडदा एखाद्या तळ्यासारखा निळा, निवांत झाला. बाण त्यात पेंगणाऱ्या माशासारखा तरंगत होता. तिघंही क्षणभर गुंग होऊन बघतच राहिले. वाटलं, आता कुणी काही बोललं नाही, तर ही दुपार कधीच संपणार नाही. टेम्पो निघणार नाही, सुट्टी संपणार नाही...

"निवी!" अलिजानं तिला चिमटा काढला. "माऊससुद्धा हँग करतोय!"

"माऊस नाही गं! त्यानं काय पाप केलंय? कधीपासून नीट चालतोय तो. दोष त्या भोकाचाच!"

श्रेयसनं मामांच्या मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. "ताई... आत सगळं लाल आहे! आणि पिवळं!"

"ते नंतर विचारू. कॉम्प्युटर बंद कर. यंत्राची केबल माऊसच्या जागी लाव."

"आणि माऊस?"

"नको. मी बटणांवर चालवते."

कॉम्प्युटर पुन्हा जागा झाला. केबल जोडली होती. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरू लागलं. झोपेत कूस बदलावी, तसं हळूहळू. फिरतंय... फिरतंय... आणि भरभर नावं उमटली! निवेदिता खालच्या बाणाचं बटण दाबत गेली.

"नागूबाई! मिळाली! मागून दुसरी!"

"काय चाललंय?" दारात मामा उभे होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. रागावण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पडदा बघितला आणि ते तसंच उघडं राहिलं. आता मामाच हँग झाले!

"मामा," श्रेयसनं विचारलं, "पुढच्या भोकात कुंकू कुणी घातलं?"

मामांनी मान खाली घातली. "त्या भोकापाशी त्रिशूळ काढलाय की रं! म्हणलं, कंपनीनं भैरवनाथाची खूण केलीया. खंडेनवमीला पूजा केली, तवापासनं दर रविवारी हळद-कुंकू कालवून लावतो. बोटानं. जरासं आत जाईल असं."

"मामा, ती केबल कुठं जोडायची त्याची खूण आहे!" निवेदिता हसू दाबत म्हणाली. "ओल्या कुंकवानं आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील. म्हणून काहीही जोडलं, की बिचारा गोंधळून थांबतो. ते भोक आता दुरुस्तीवाल्याला दाखवा. तोवर तिथं काही लावू नका."

"मग त्याला तीन टोकं कशापायी काढलीत?" मामा पुटपुटले.

शब्बीरभाईंनी पडद्यावरचं नाव दोनदा वाचून घेतलं आणि स्वतःच्या हातानं टेम्पोची फळी पाडली. मागून दुसरी शेळी खाली आली आणि नागूबाईंचा पदर चघळू लागली.

"हिला तर म्या मिठीच मारली न्हवती!" नागूबाई म्हणाल्या आणि आता अशी मारली, की काजळीच कासावीस झाली!

"अलिजा, तू बापाच्याच टेम्पोतली शेळी उतरवलीस!" शब्बीरभाई म्हणाले.

"तुमचीच पोरगी आहे ना, अब्बा! तुम्हाला हजम नाही, ते मला कसं होईल?"

शब्बीरभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मामा खाकरले. "पोरांनो, मी मशीनला देव मानलं, पण त्याचं ऐकलं न्हाय. तुमी ऐकलंत. शाब्बास!" आणि त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून सगळ्यांसमोर निवेदिताच्या हातात दिली. "सुट्टीभर तुझ्याकडं."

टेम्पो उमरग्याच्या वाटेला लागला. अंधार उतरला आणि नागूबाई घराकडे निघाल्या. थोड्या अंतरावर त्या काळोखात काळी काजळी दिसेनाशी झाली. मुलांना नुसतं दावं हवेत चालताना दिसत होतं आणि त्याच्याशी बोलत जाणाऱ्या मावशी.

"हाईस ना गं?" मावशींनी विचारलं.

"बेंऽऽ!" काळोख म्हणाला.