माझ्याच दाराला नोटीस

साल १९८३. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि रेणापुरात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. एप्रिलच्या एका दुपारी तारामती शाळेत शिकवून घरी आली, तर दारात एक उंच, सावळा माणूस उभा. हातात कोर्टाचा कागद.

"निवृत्ती सटवाजी हितंच राहतात का?"

"राहत असते तर घटस्फोट कशाला मागितला असता?"

निवृत्ती तिचा नवरा. पाच वर्षांपूर्वी तो मस्कतला क्रेन चालवायला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. तिनं अर्ज केला, तर मस्कतला धाडलेली नोटीस दोनदा परत आली — पत्त्यावर माणूस नाही. मध्येच नवा जिल्हा झाला, फाईल लातूरला निघाली आणि चार महिने कुणाला सापडेना. आता हुकूम निघाला होता : नवरा शेवटी जिथं राहत होता, त्या घराच्या दारावर नोटीस डकवावी.

"म्हणजे दावा मीच करायचा, अन् नोटीसही माझ्याच दाराला?"

"कायदा हाय, बाई." तो ओशाळून हसला. "मी शेषेराव, बेलिफ. जरा खळ करून देता का? डिंकाची बाटली एसटीत सांडली."

"खळ! हंड्यात तांब्याभर पाणी हाय. ते पिऊ, का तुमच्या कागदाला लावू?"

"...प्या. मी गुरुवारी येतो."

गुरुवारी तो डिंक घेऊन आला, तर पंच मिळेनात. शेजारच्या साखराबाई आणि ग्यानोबा, दोघंही टँकरच्या रांगेत. नंबर सोडायला कुणी तयार नाही.

तारामतीचा संयम सुटला. "लावली म्हणून नुसतं लिहून टाका की!"

"अन् उद्या त्यानं वकील उभा केला तर? पंच खोटे निघाले की निकाल रद्द. मग तुम्ही पुन्हा त्याच्याच बायको." तो कागदाकडे बघत हळूच म्हणाला, "तसं... व्हायला नको."

 ती हंडा उचलून तरातरा रांगेत गेली आणि दोघांच्या घागरी सांभाळत उभी राहिली. पंच सह्या करून परतले, तेव्हा कुठं ती भरला हंडा घेऊन घरी आली. दारावर नोटीस अगदी सरळ चिकटलेली. शेषेरावानं पुढं होऊन तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवला. बोटांना बोटं लागली... दोघांनीही घाईनं हात मागे घेतले.

"काही बोलायचंय का?" तिनं विचारलं.

"बोलायचंय. पण तुमचा दावा चालू हाय तोवर न्हाई."

अकरा महिने! दर तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात दिसायचा, बघायचा आणि मान खाली घालायचा. ती मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायची आणि पुढच्या तारखेला नवी साडी नेसून जायची.

निकाल लागला. ती पायऱ्या उतरली, तर तो समोर.

"आता बोलू का?"

"अकरा महिने झाले, बोला!"

"लई ठरवलं होतं... इसरलो."

"मग मीच विचारते. लग्न करता का माझ्याशी?"

"हाव!" तो एका दमात म्हणाला. "पण अपिलाची मुदत सरू द्या. अजून एक महिना."

तारामतीनं कपाळावर हात मारला. मग त्याच हातानं डोळे पुसले.

लग्न नांदेडला, तिच्या भावाच्या घरी झालं. ग्यानोबा पुढे मुलाकडे उदगीरला गेला. निवृत्ती एक्क्याण्णव साली अचानक उगवला आणि साखराबाईंना म्हणाला, "मला कुणी कळवलं का न्हाई?" त्या माउलीनं त्याला असं काही सुनावलं, की तो पुन्हा रेणापुरात दिसला नाही. तारामती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली; आता लातूरला लेकीकडे असते. शेषेराव चार वर्षांपूर्वी गेले, दुपारी पेपर वाचता वाचता, एक शब्द न बोलता. त्याबद्दल ती अजून त्यांच्यावर रागावलेली आहे.