चार नंबरची किनुए

ओसाकातल्या एका छोट्या कंपनीत मी व्हिडिओ गेमच्या माहितीपुस्तिका लिहायचो. गेम खेळायला मला कधी जमलं नाही. त्यामुळे हे सांगताना कुठेतरी चुकत असेन, असं सारखं वाटतं.

त्या उन्हाळ्यात आमचे लोक नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा व्हॉलीबॉल घरच्या टीव्हीवर आणत होते. खऱ्या खेळाडूंची नावं वापरायला परवानगी नव्हती, म्हणून प्रत्येकानं आपल्या घरातल्या बाईचं नाव दिलं. मी बायकोचं दिलं. किनुए, नंबर चार. लग्नाआधी ती किशिवादाच्या सूतगिरणीच्या संघात खेळायची. आता दोन महिने इस्पितळात होती. उजवी बाजू गेली होती, वाचाही.

गेम पहिल्यांदा चालला तेव्हा चार नंबरनं सर्व्हिसआधी उजवा तळहात चड्डीला पुसला, किनुए पुसायची तसाच.

"हे कोणी घातलं?" मी विचारलं.

प्रोग्रॅमर त्सुकुदा हसला. "मास्तर, चष्मा बदला. चिपेत उडी भरायलाच जागा पुरेना, हात कुठले पुसताय?" मग त्यानंही पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

संध्याकाळी नर्स म्हणाली, "आज त्यांनी उजवा हात हलवला. चादरीला पुसला."

गेमची चाचणी चालू असेल त्या दिवशी किनुएची बोटं हलत. रविवारी यंत्र बंद, की हात लाकडासारखा. मी कोणाला बोललो नाही. योगायोग असेल, असं स्वतःला समजावलं, पण रविवार नकोसे झाले.

ऑगस्टमध्ये गेम रद्द झाला. दुकानदारांची मागणीच आली नाही. रद्द गेमच्या चिपा एका दिव्याखाली ठेवून कोऱ्या करायच्या आणि पुढच्या गेमला वापरायच्या, अशी आमच्याकडे रीत होती. मी त्सुकुदाच्या टेबलाला कपाळ टेकवलं.

"उठा हो मास्तर, लोक बघतायत." त्यानं एक चिप तिच्या सर्किट बोर्डासकट माझ्या पिशवीत सरकवली. "हरवली म्हणून सांगेन."

किनुएच्या खोलीतल्या टीव्हीला गेम खेळायचं यंत्र जोडून त्यात ती चिप बसवली. तिसऱ्या दिवशी किनुए बोलली. "अहो, बॉल जरा उंच द्या ना."

मी बाहेर जाऊन रडलो.

चिपेवर एक चंदेरी चिकटपट्टी होती. तिच्यावर लाल शाईनं 'रद्द' लिहिलेलं. किनुएच्या डोक्याशी तो शब्द मला बघवेना. मी पट्टी सोलून काढली. खाली इवलीशी काच होती. टीव्ही पश्चिमेच्या खिडकीशी होता, दुपारभर ऊन यायचं.

पाच दिवसांनी पडद्यावरचे प्रेक्षक गेले. सहाव्या दिवशी जाळी. मग एकेक खेळाडू रेघोट्या होऊन विरत गेली.

किनुए उठून बसली होती, पण आवाज बारीक झाला होता. "आज बाकीच्या पोरी कुठे गेल्या हो?"

मी खालच्या फोनवरून त्सुकुदाला गाठलं.

"चिकटपट्टी काढलीत?" तो ओरडला. "मास्तर, ती उजेड आत जाऊ नये म्हणून असते! उन्हानं चिप पुसली जाते."

"दुसरी प्रत?"

"सगळ्या कोऱ्या केल्या. आता त्यांत मासेमारीचा गेम भरलाय."

जिने चढून वर आलो. अंगातला शर्ट काढून चिपेवर गुंडाळला. खिडकीचा पडदा ओढला.

पडद्यावर फक्त चार नंबर उरली होती. मैदान नाही, बॉल नाही. तिचे पाय दिसत नव्हते.

"किनुए," मी म्हटलं.

"आहे ना," ती पलंगावरून म्हणाली.

टीव्ही काळा झाला.

दार उघडून रोजचीच नर्स आत आली. मला बनियनवर बघून दचकली.

"काका, इथे कोणाला शोधताय? हा पलंग तर रिकामा आहे."

तिनं पलंगाच्या पायथ्याची नावाची पाटी काढून खिशात टाकली. उशी उचलली आणि चादरीचं टोक ओढलं.

किनुए जरा बाजूला सरकली, नर्सला चादर काढता यावी म्हणून.