‘जा’ कोरलेला कॅमशाफ्ट

“मामा, थांब ना! हा कॅमशाफ्ट कुठल्या इंजिनचा आहे तेच आपल्याला माहीत नाही!” इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या त्या दांड्याकडे बोट दाखवत चिमणी म्हणाली.

“माहीत कसं नाही? तुझ्या आजोबांच्या खोक्यातला आहे! आणि हे बघ, टोकाला त्यांनीच कोरलंय, ‘जा’. म्हणजे तपासून झालंय, बिनधास्त जा! आज संध्याकाळी गाडी मैदानावर पळालीच पाहिजे.”

शर्यतीच्या याच मोटारसायकलवरून आजोबा पडले होते आणि परत उठलेच नव्हते. का पडले, ते कुणालाच कळलं नाही. कित्येक वर्षं चादरीखाली पडलेल्या त्या गाडीचं इंजिन मामाने आता सुट्टीत आलेल्या भाचरांना हाताशी धरून पुन्हा बांधायला घेतलं होतं.

खोक्यात आजोबांचा जुना पिस्टनही होता. त्याच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखा खोल वण होता. चिमणीने तो मामापुढे धरला.

“पडला असेल कधीतरी हातातून!” म्हणत मामाने कॅमशाफ्ट इंजिनात बसवला आणि तो पाणी प्यायला घरात गेला.

“हातातून पडल्यावर अशी कोर उमटते होय?” चिमणी कुजबुजली. “ढब्बू, तुझी खेळायची माती दे. मामाच सांगत होता ना, पूर्वी मेकॅनिक पिस्टनवर माती लावून तपासायचे? व्हॉल्व्हची झडप किती खाली येते ते मातीत उमटतं.”

“मग आता का नाही तपासत?” तिच्या धाकट्या भावाने विचारलं.

“घाई! दुसरं काय!”

तिने नव्या पिस्टनवर मातीचा थर थापला. मामा शीळ घालत आला. आत न बघताच त्याने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवलं, नट आवळले, इंजिन हाताने फिरवलं. आतून बारीकसा ‘कच्’ आवाज आला. मामाची शीळ क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. चिमणीने मात्र ढब्बूला डोळ्यांनीच प्लगकडे खूण केली.

“आता प्लग! अरे, प्लग कुठाय?”

“माझ्या मोज्यात!” ढब्बू दारातून ओरडला. “आधी हेड उघड, मग देतो!”

“कार्ट्या, इकडे ये आधी!”

“मोजा सोमवारपासून धुतलेला नाही हं, मामा! बघ बुवा!”

चडफडत मामाने हेड उघडलं. माती पार कापली गेली होती. खालचा धातू चमकत होता. तीच चंद्रकोर!

“हाताने फिरवलं तर व्हॉल्व्ह कसाबसा निसटतोय,” मामा म्हणाला. “वेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला असता. इंजिन जाम, मागचं चाक जाम, आणि मी...”

चिमणीने शाफ्टचं बाहेर दिसणारं टोक रॉकेलच्या फडक्याने खसाखसा घासलं. गंजाखालून आणखी अक्षरं वर आली. “मामा, ‘जा’ नाही! ‘जास्त’! याचे फुगवटे जास्त उंच आहेत. म्हणून व्हॉल्व्ह जास्त खाली ढकलले जातात!”

“म्हणजे वेग वाढवायला बाबांनी हा मुद्दाम घडवला होता. आणि जुन्या पिस्टनवरचा वण सांगतोय, त्या दिवशी इंजिनात हाच होता,” मामा म्हणाला.

आरडाओरडा ऐकून आजी आली होती. तिने तो जुना पिस्टन उचलला आणि वणावरून बोट फिरवलं.

“मी त्यांना थांबा म्हटलं होतं,” ती म्हणाली. “ते हसले, आणि मग मीही गप्प बसले.” तिने दोघांना पोटाशी घट्ट धरलं. “शाब्बास रे माझ्या बाळांनो! तुम्ही गप्प बसला नाहीत, म्हणून माझा लेक आज रात्री जेवायला घरी आहे.”