डाव्या कानाची साक्ष

कान तपासायच्या खोलीत पहिल्यांदा बसणारा माणूस बहुधा एकच तक्रार करतो: इथे फार शांत आहे. लहानशी खोली, भिंतींना राखाडी स्पंज, शीतगृहाला असतं तसं जाड दार आणि दुहेरी काचेची एक खिडकी. आत बसलं की स्वतः गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येतो. खिडकीच्या अलीकडे टेबलावर यंत्र, आणि यंत्रासमोर ती. पेशंटच्या कानावर हेडफोन चढवायचा, बारीक आवाज सोडायचा, आवाज आला की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. मग यंत्रावर दिवा लागतो. गल्लीत तिला सगळे कानवाल्या ताई म्हणत. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कानात कोणीतरी बोलतं म्हणणारी माणसं तिच्याकडे नेहमी यायची, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या कानात नुसता मळ निघायचा.

या खोलीत तिने स्वतःच्या वडिलांना मात्र कधी बसवलं नव्हतं. ते सैन्यात वायरलेसवर होते. कितीही दूरचा, तुटका, खरखरीत आवाज असो, त्यांना तो उमजायचा. म्हणून तुकडीने त्यांचं नाव ‘कानसेन’ ठेवलं होतं. पुढे डोंगरातल्या लढाईत एक तोफगोळा शेजारी फुटला आणि डावा कान कायमचा गेला. “कानसेन अर्धाच उरला,” असं ते हसत सांगायचे आणि विषय बदलायचे. त्यापलीकडे लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत.

म्हातारपणी त्यांना चक्कर यायला लागली. उठले की भिंत धरायचे. ती त्यांना सैनिकी रुग्णालयात घेऊन गेली. खिडकीतल्या कारकुनाने संगणकावर त्यांची नोंद उघडली, वाचली, आणि वडिलांकडे बघायचं टाळून तो तिला म्हणाला, “डाव्या कानाचा दोष भरतीच्या आधीपासूनचा आहे, असं लिहिलंय. कानाचे उपचार इथे होणार नाहीत.”

“बहिऱ्या माणसाला वायरलेसवर कोण बसवतं हो?” तिने विचारलं.

कारकून जरा घुटमळला. मग त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “त्याच्याखाली अजून एक ओळ आहे, ताई. ती तुम्हीच वाचा.”

ओळ होती: आदेश नसताना शत्रूसमोर ठाणे सोडले.

तिने वळून वडिलांकडे पाहिलं. ते खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. ही ओळ त्यांना नवी नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बर्फाचा कडा होता. कड्यावरच्या ठाण्यात साहेब वायरलेसच्या एका सेटवर, खालच्या ठाण्यात वडील दुसऱ्या सेटवर, आणि त्यांच्याभोवती जखमी जवान. साहेबांनी वायरलेसवरून हुकूम दिला की जखमींना घेऊन उतर, माझी वाट बघू नकोस. वडिलांनी हेडफोन काढून ठेवला आणि जखमींना एकेक करून खाली न्यायला सुरुवात केली. वाटेत तो गोळा फुटला. साहेब वरून परत आलेच नाहीत. पुढे चौकशी झाली तेव्हा प्रश्न आला, हुकूम ऐकला कोणी? जखमींना शुद्ध नव्हती. हुकूम देणारा गेला होता आणि ऐकणारा एकच उरला होता. त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याचा कान लढाईत गेला हेही मानलं नाही.

“मग इतकी वर्षं भांडला का नाहीत?”

“साहेब राहिले आणि मी आलो,” वडील म्हणाले. “कुठल्या तोंडाने भांडू?”

आई दारात उभी राहून ऐकत होती. “मी सांगून सांगून थकले,” ती म्हणाली. “आता तू सांग. आणि उजव्या बाजूने सांग बाई. डावीकडून सांगितलेलं यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही.”

वडील हसले, पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी फक्त ताट चिवडलं. उठताना म्हणाले, “हा डाग अंगावर घेऊन मला जायचं नाही गं.” बस. तिने दुसऱ्याच दिवशी सेवा-नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे अर्ज केला. उत्तर लवकर आलं. कानासाठी तपासणीचा अहवाल पाठवा, हुकुमासाठी साक्षीदार आणा. पहिलं तिच्या हातातलं काम होतं. दुसरं म्हणजे वाळूतून तेल काढणं होतं.

दुपारच्या सुट्टीत, दवाखाना रिकामा असताना, तिने वडिलांना त्या खोलीत बसवलं. उजवा कान वयाच्या मानाने उत्तम. डावा ठार बहिरा. तिने आवाज वाढवत नेला, यंत्राची हद्द आली तरी दिवा लागला नाही. स्फोटाने गेलेला कान कसा असतो हे तिला ठाऊक होतं. हा तसाच होता. अहवालाला एवढं पुरेसं होतं. तिने आवाज बंद केला आणि लिहायला घेतलं.

दिवा लागला.

तिने वर पाहिलं. वडील बटणावर अंगठा ठेवून डोळे मिटून बसले होते. दिवा विझला, पुन्हा लागला. अशा कानात नाद उमटतो, गुणगुण होते, हे ती रोज पेशंटना समजावून सांगायची. तिने माइकवरून सांगितलं, “बाबा, मी काही वाजवत नाहीये. तो कानातला नाद आहे.”

“नाद नाही गं,” आतून त्यांचा आवाज स्पीकरवर आला. “साहेब आहेत.”

तिने हेडफोनची वायर यंत्रातून उपसली. वायरचं टोक तिच्या हातात लोंबत होतं आणि काचेपलीकडे वडील जसेच्या तसे ऐकत होते. मग ते बोलायला लागले. स्वतःच्या आवाजात, पण स्वतःच्या चालीत नाही. एरवी ते रमतगमत बोलायचे, आता शब्द तोडून तोडून येत होते.

“कानसेन, जखमींना घे आणि उतर. नाल्याच्या डाव्या अंगाने. माझ्यासाठी थांबलास तर तुझी खैर नाही. हा हुकूम आहे.”

थोडं थांबून ते म्हणाले, “पोचलं, पोचलं.”

आणि एकदम डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “हे मी नाही बोललो,” ते म्हणाले.

तिने दार उघडलं. आत नेहमीपेक्षा गार होतं, पण दवाखान्यातला एसी कधी कधी तसं करतोच, असं तिने स्वतःला सांगितलं. वडील खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

“हुकूम ऐकला आणि मी लगेच हेडफोन काढला होता. त्यानंतर कोण काय बोललं, मला कसं कळणार? पण आत्ता ऐकलं. साहेबांच्या हुकुमाला कोणीतरी उत्तर दिलं. पोचलं, पोचलं. दोनदा.”

“मनाचे खेळ असतील, बाबा.”

“असतील. पण प्रत्येक शब्द दोनदा बोलणारा एक माणूस होता आमच्या प्रशिक्षणात. डबल म्हणायचो आम्ही त्याला. तो पुढे तोफखान्यात गेला.” ते तिच्याकडे बघत राहिले. “तोफखाना पलीकडच्या टेकडीवर होता.”

तिने हे कोणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पण शोधायला काय जातं, असं म्हणत तिने माजी सैनिकांच्या संघटनेत फोन केला. तिथून दुसरा नंबर, त्यावरून तिसरा. शेवटी एका दूरच्या गावातला फोन लागला आणि पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला, “हॅलो हॅलो. बोला बोला.”

तिने वडिलांचं नाव सांगितलं. त्यांचं टोपणनावही सांगितलं.

“कानसेन जिवंत आहे? जिवंत आहे?”

गाड्या बदलत बदलत डबल आला. पांढऱ्या मिशा, हातात काठी. दारात दोघे म्हातारे एकमेकांना असे बिलगले की आईला चहाचे कप घेऊन तसंच उभं राहावं लागलं. तोफगोळा फुटला तेव्हा सगळी तुकडी गेली असंच डबलला वाटलं होतं. त्याला पुढे दुसऱ्या आघाडीवर पाठवलं, आणि चौकशी करणाऱ्यांनी तोफखान्याच्या माणसाला कधी काही विचारलंच नाही. “मी तुमच्या लाइनवर कान लावून बसलो होतो,” तो म्हणाला. “परवानगी नव्हती, परवानगी नव्हती. पण साहेबांचा हुकूम ऐकला आणि तोंडातून गेलंच.”

“काय गेलं?” तिने विचारलं.

“पोचलं, पोचलं.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मंडळासमोर सुनावणी झाली. लांब टेबलापलीकडे तीन अधिकारी, मधोमध करड्या केसांच्या अध्यक्ष बाई. त्यांनी वडिलांना बाहेर थांबायला सांगितलं आणि आधी डबलला बोलावलं. मुलगी अर्जदाराच्या बाजूने आत बसली होती. डबल काठी बाजूला ठेवून ताठ उभा राहिला आणि त्याने हुकूम म्हणून दाखवला. जखमींना घे. नाल्याच्या डाव्या अंगाने. माझ्यासाठी थांबलास तर तुझी खैर नाही. यातला एकही शब्द तो दोनदा बोलला नाही.

मग वडिलांना आत बोलावून तेच विचारलं. शब्दाला शब्द जुळला.

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. “त्या दिवशी खाली पोचलेल्यांपैकी कोणी वाचलं का?” त्यांनी विचारलं.

“सगळे वाचले, मॅडम,” वडील म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही बाजूचेही उभे राहिले. “दोन्ही ओळी आजच दुरुस्त होतील,” त्या म्हणाल्या. “उशीर झाला. त्याबद्दल तुमची माफी मागते.” वडिलांनी सॅल्यूट केला. त्यांचा तो हात वर गेलेला मुलीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला रुमाल सापडेना.

रुग्णालयात उपचार सुरू झाले. चक्कर कमी झाली. वडील भिंत न धरता चालायला लागले, आईशी तावातावाने वाद घालायला लागले, आणि आई म्हणाली, यापेक्षा चक्कर बरी होती!

परत जायच्या दिवशी डबल एकच गोष्ट बोलला. ती त्याने तोवर मनात ठेवली होती.

“हुकूम देऊन साहेबांनी सेट बंद नाही केला, कानसेन. विचारत राहिले. उतरले का रे, सगळे उतरले का? मला तिकडून काही दिसत नव्हतं. मी काय सांगणार? काय सांगणार? मग हळूहळू त्यांचा आवाज येईनासा झाला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील धुतलेला शर्ट घालून तिच्या दवाखान्यात आले. “मला आत बसव,” ते म्हणाले.

तिने त्यांना बसवलं, हेडफोन दिला आणि जाड दार लावलं.

वडिलांनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांची पाठ आपोआप सरळ झाली.

“साहेब, कानसेन बोलतोय,” ते म्हणाले. “उतरलो. सगळे उतरले. नाल्याच्या डाव्या अंगाने. एकही मागे राहिला नाही.”

ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

तिला काळजी वाटली. तिने माइकचं बटण दाबलं आणि सवयीने विचारलं, “ऐकू येतंय ना?”

वडिलांनी होकारार्थी मान हलवली. मग एक बोट वर केलं. थांब.

“साहेब विचारतायत, ही कोण बोलतेय.”

तिने माइक जवळ ओढला. “मग सांगा ना.”

“सांगितलं. माझी मुलगी, म्हटलं.” ते डाव्या खांद्याकडे थोडे कलले. त्यांच्या तोंडावर हसू आलं. “म्हणतात, हिचा आवाज ओळखीचा आहे. रोज कोणाला ना कोणाला विचारत असते, ऐकू येतंय ना म्हणून.”

तिचा अंगठा बटणावरच राहिला.

“म्हणतात,” वडील म्हणाले, “मी दर वेळी हो म्हणतो.”