ज्याच्यावर रागावता येत नाही

१९८६ साल. त्या वर्षी आमच्या बेटावरच्या कोरोसिगा गावात दोन गोष्टी झाल्या. आमचे सरदार वारले, आणि वातुओने बेटावरचा सिरेली माझ्या जाळ्यात पाय अडकून पडला. दुसरी गोष्ट आधी झाली, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी एकोणीस वर्षांची होते. मे महिन्यातली सकाळची ओहोटी. आम्ही सात-आठ बायका कमरेइतक्या पाण्यात जाळं धरून अर्धगोल करून उभ्या होतो. मासे आत शिरत होते. माझी वासेमाथा आत्या नुसत्या ओठांनी “हळू... हळू...” म्हणत होती. आणि तेवढ्यात रिसॉर्टची पिवळी मोटरबोट घरघरत थेट आमच्यासमोर येऊन वाळूत रुतली. मासे गेले. बोट ढकलायला एक उंच मुलगा पाण्यात उतरला आणि जाळ्यात गुरफटून धपकन बसला.

“डोळे आहेत का करवंट्या बसवल्यात?” मी म्हणाले.

“डोळेच आहेत,” पाण्यात बसूनच तो म्हणाला. “पण ते तुझ्याकडे बघत होते.”

बायका हसल्या. मी नाही.

“आता जेवायला काय शिजवू? तुझं इंजिन?”

“माझं नाही, साहेबाचं आहे. नारळाच्या दुधात शिजव, नाहीतर फार कडक लागेल.”

“कुठला रे तू?”

तो उठला. केसांतलं पाणी झटकलं, आणि सगळा हिशोब आपल्याच बाजूनं लागणार हे ठाऊक असल्यासारखा म्हणाला, “वातुओनेचा.”

झालं. आत्यानं कपाळावर हात मारला आणि ती खो खो हसायला लागली.

वातुओने आणि कोरोसिगा यांचा मूळपुरुष एक. म्हणून आमचं नातं थट्टेचं. आम्ही त्या नात्याला, आणि त्या सोयऱ्यालाही, ताउवू म्हणतो. वातुओनेचा माणूस आमच्या चुलीवरचं भांडं उचलून नेईल, कोंबडी पळवेल, माझ्या आजोबांना म्हातारा खेकडा म्हणेल. आम्ही हसायचं. आम्ही तिकडे गेलो की आम्हीही तेच करायचं. पण रागवायचं नाही. जो रागावला त्यानं पूर्वजांचं नातं तोडलं.

“आधी का नाही सांगितलंस?” मी दात आवळून विचारलं.

“तू किती छान रागावतेस ते बघत होतो,” तो म्हणाला. “आता कुठलं बघायला मिळणार...”

आणि जाता जाता त्यानं माझ्या टोपलीत उरलेल्या तीन माशांतला मोठा मासा उचलून नेला.

तो रिसॉर्ट टोकाच्या वाळूवर दोन वर्षांपूर्वी आला होता. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून पाण्याखाली फिरायला लांबून माणसं यायची. मॅनेजर हॅलोरन नावाचा, उन्हानं लाल झालेला माणूस. आधी म्हणाला, पाहुण्यांच्या नजरेसमोर कपडे धुऊ नका. मग म्हणाला, त्या वाळूवरून चालू नका. पाहुणे मात्र आमच्या नहाणाच्या झऱ्यावर येऊन आमचे फोटो काढायचे, आणि आम्ही अंग झाकून उठलो की म्हणायचे, किती लाजाळू लोक आहेत. आम्ही लाजत नव्हतो. आमचा संताप व्हायचा. पण अंगावर सुलूच्या ओल्या कापडाशिवाय काही नसताना संतापानं बोलायचं तरी कसं?

आणि सिरेली त्या रिसॉर्टची बोट चालवायचा. दर रविवारी प्रार्थनेनंतर आमच्या दारात हजर. माझा कंगवा पळवायचा. अर्धी विणलेली चटई पळवायचा. पुढच्या रविवारी परत आणायचा, तर चटईच्या दोन ओळी जास्त विणलेल्या असायच्या, वाकड्यातिकड्या.

“कुणी विणलं हे?”

“खेकड्यांनी.”

“खेकडे बरे विणतात. हे तुझं काम दिसतंय.”

एकदा तो डोळ्यांना लावायची काच घेऊन आला. म्हणाला, “तोंड पाण्यात घाल आणि श्वास धर.” मी लहानपणापासून त्या पाण्यात होते, पण डोळे नीट उघडून आत कधी बघितलं नव्हतं. खाली प्रवाळाची भिंत निळ्या अंधारात उतरत गेली होती. निळे, पिवळे, पट्ट्यांचे मासे... त्यांची चव मला पाठ होती, त्यांचं चालणं ठाऊक नव्हतं. वरून पावसाची एक सर आली. पाण्याखालून तिचे थेंब चांदीच्या खिळ्यांसारखे दिसत होते. मी घाबरून हात लांब केला, तो त्यानं धरला. वर आल्यावरही सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

“हा पण पळवलास का?” मी विचारलं.

“हा परत देणार नाही,” तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये सरदार गेले.

सरदार गेले की त्यांच्या प्रवाळावर शंभर दिवस बंदी असते. जाळं नाही, गळ नाही, होडी नाही, पोहणं नाही. समुद्र सुतकात असतो. माझे वडील नेमानी हे सरदारांचे बोलके होते. सरदार चारचौघांत स्वतः बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं बोलके बोलतात. वडिलांनी खडकांतल्या वाटेच्या तोंडाशी खांब रोवला. त्याला नारळाची झावळी मी बांधली.

चौथ्या दिवशी हॅलोरन आला. फुलाफुलांचा शर्ट, हातात कागद. ही प्रवाळाची भिंत कायमची फक्त डायव्हिंगसाठी राखून ठेवायची, गावानं तिथे जाळं टाकायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं.

“आम्ही माशांचं रक्षण करू,” तो म्हणाला.

“कुणापासून?” वडिलांनी विचारलं.

तो नुसता हसला. त्याची नजर आमच्या वाळत घातलेल्या जाळ्यांकडे होती.

“समुद्र सुतकात आहे,” वडील म्हणाले. “शंभराव्या दिवशी बंदी उठेल. त्या दिवशी उत्तर देऊ.”

बेचाळिसाव्या दिवशी मी किनाऱ्यावरून बघितलं, तर पिवळी बोट बंदीच्या आत होती. भोवती पाण्यात सहा डोकी वरखाली होत होती. सुकाणूवर सिरेली. आमचा खांब बोटीच्या टोकावर आडवा पडलेला, झावळी लोंबत होती.

दुपारी तो खांब खांद्यावर घेऊन आला. हसत हसत.

“घे. तुझी कोंबडी परत आणली.”

मी हात पुढे केला नाही.

“अगं, साहेब म्हणाला, तू तर त्यांचा थट्टेतला सोयरा, तुझ्यावर कोण रागावणार? मलाही वाटलं, खरंच आहे. आणि आम्ही काही पकडलं नाही, मिली. नुसतं बघितलं.”

“मेलेल्या माणसाच्या घरात नुसतं बघायला शिरतं का कोणी?”

“पण ताउवूला हक्क...”

“ताउवू चुलीवरचं भांडं नेतो. चूल विझवत नाही.” मला राग आला की रडू येतं, आणि त्या रडण्याचाही राग येतो. “तुम्ही जा आता.”

त्याचं हसू गेलं. आमच्यात ताउवूला कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. ते दार लावून घेणं असतं.

“मिली... शिवी दे. खेकडा म्हण. काहीतरी म्हण.”

“तुम्ही पाहुणे आहात,” मी म्हणाले. “पाहुण्यांना आम्ही शिव्या देत नाही.”

दुसऱ्या दिवशी हॅलोरन परत आला. त्याच्याजवळ आता चांगला मुद्दा होता. तुमच्याच नात्यातल्या माणसानं खांब उपटला, म्हणजे बंदी संपली. मग उत्तराला उशीर कशाला?

वडील गप्प बसले. मी त्यांना कधी गप्प बसलेलं बघितलं नव्हतं. कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. मोडलेली बंदी आपोआप उभी राहत नाही. ज्यानं मोडली त्यानं देवमाशाचा दात घेऊन यायचं, मान खाली घालून माफी मागायची, तेव्हाच ती जोडली जाते. पण थट्टेच्या सोयऱ्यानं सोयऱ्याची माफी मागितली असं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. वातुओनेची नाचक्की झाली असती. नोकरी तर गेलीच असती. आणि तो आला नाही, तर शंभराव्या दिवशी उठवायला बंदीच उरणार नव्हती. मग कुठल्या तोंडानं ‘नाही’ म्हणायचं?

सिरेली दिसेनासा झाला. पिवळ्या बोटीवर दुसराच कोणी होता. ती रोज त्या वाटेनं आत जायची. मी रोज ओहोटीला जाऊन खांब रोवायची. ते रोज उपटायचे. कधी खांब वाहत किनाऱ्याला यायचा, कधी मी खडकांतून शोधून आणायची. माझ्या तळहातांची सालं निघाली.

“कशाला मरतेस?” आत्या म्हणाली. “माफीशिवाय तो नुसता लाकडाचा ओंडका आहे.”

“मग मी ओंडका रोवते.”

“आणि तो मुलगा?”

“कोण मुलगा?”

आत्यानं माझ्या तळहातांना खोबरेल चोळलं आणि पुढे काही विचारलं नाही.

सत्त्याण्णवाव्या दिवशी वातुओनेकडून शिडाची एक छोटी होडी आली. शीड ठिगळांचं. आत सिरेली एकटाच, खूप वाळलेला. उतरला तेव्हा दोन्ही हातांत देवमाशाचा दात, पिढ्यान्पिढ्या तेल लावून पिवळा झालेला. तो मामाकडून मागून आणायला त्याला पन्नास दिवस लागले होते. मामा रोज एकच म्हणत होता, थट्टेची माफी मागणारा तू पहिला गाढव.

आमच्या पायरीखाली तो उन्हात मान खाली घालून बसला. वडील घरात होते. रीतच तशी आहे, वाट बघायला लावायची.

“ऊन फार आहे गं,” आत्या म्हणाली.

“असू दे.”

मग पाऊस आला. तो तसाच बसून. पाणी त्याच्या मानेवरून, दातावरून ओघळत होतं.

“पाऊस फार आहे गं.”

“असू दे, म्हटलं ना.”

पण मी दारातून हलले नाही. तो जितका वेळ बसला तितका वेळ मीही उभी होते.

पाऊस थांबल्यावर वडील बाहेर आले.

“मी खांब उपटला,” सिरेली जमिनीकडे बघत म्हणाला. “थट्टा समजून. ती थट्टा नव्हती, चोरी होती. मला माफ करा.” मग थांबून म्हणाला, “आणखी एक सांगायचंय. साहेबाच्या खोलीत पुढच्या वर्षाचा रंगीत नकाशा आहे. त्यात हे टोक आहे, झरा आहे, प्रवाळ आहे. तुमचं गाव नाही. गावाच्या जागी नारळाची झाडं काढलीत, आणि पोहायचा हौद.”

वडिलांनी वाकून दात हातात घेतला.

“बंदी उभी आहे,” ते म्हणाले.

त्या दिवशी सिरेलीनं स्वतः खांब रोवला. बाकीचे तीन दिवस तो होडी घेऊन वाटेच्या तोंडाशी, खांबाच्या बाहेर, आडवा थांबला. पिवळी बोट दोनदा आली, दोनदा परत गेली.

शंभराव्या दिवशी हॅलोरन कागद आणि पेन घेऊन आला. सगळं गाव चटयांवर बसलं होतं.

“तुमचा नकाशा आणा,” वडील म्हणाले. “त्यात आमचं गाव बोटानं दाखवा. मग सही करतो.”

हॅलोरन सिरेलीकडे बघायला लागला. लाल माणूस पांढरा होताना मी तेव्हाच बघितला.

“तो फक्त... एक विचार होता,” तो म्हणाला.

वडिलांनी पेन त्याला परत दिलं. “न विचारता आमच्या घरातलं उचलून न्यायला तुम्ही आमचे ताउवू नाही.”

मग बंदी उठली. शंभर दिवस विसावलेल्या पाण्यात मासे इतके होते की जाळं जड झालं. सिरेली काठावर एकटाच उभा होता, कुणी बोलावल्याशिवाय यायची हिंमत नसलेला. मी त्याच्याजवळ गेले.

“तुम्हाला एक विचारायचं होतं,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. “अजून ‘तुम्ही’च?”

“पन्नास दिवस लागले? पोहत आला असतात तरी लवकर पोचला असतात.”

“मिली...”

“गाढवा,” मी म्हणाले, “जाळं धर.”

तो हसला की रडला ते मला नीट दिसलं नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही.

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. हॅलोरन त्याच्या देशात परत गेला. एका वादळात रिसॉर्टची छपरं उडाली. मग दुसऱ्यांनी तो घेतला, मग तिसऱ्यांनी. प्रत्येक जण नवा कागद घेऊन आला. शेजारच्या बेटानं एकावर सही केली. तिथल्या बायका आता माशांसाठी तासभर वल्हवत जातात, आणि त्यांच्याच किनाऱ्यावर रिसॉर्टवाले त्यांना अडवतात. ते आठवलं की अजून माझे तळहात चुरचुरतात. वडील आठ वर्षांनी गेले. आत्या नव्वद वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत सांगायची की हे लग्न तिच्या खोबरेलानं जमलं. सिरेलीनं स्वतःची बोट आणि टाक्या घेतल्या. पाहुण्यांना तो आधी गावात आणायचा, चटईवर बसवायचा, परवानगी मागायला लावायचा, आणि मगच पाण्यात न्यायचा. आता ते काम आमची नात करते.

सिरेली चार वर्षांपूर्वी गेला. तो सरदार नव्हता. त्याच्यासाठी समुद्र बंद होत नाही. मी तो जुना खांब घरासमोरच्या वाळूत रोवला आणि झावळी बांधली. वातुओनेची माणसं आली. रीतीप्रमाणे त्यांनी माझी दोन पातेली नेली, चटई नेली, माझ्या केसांतलं फूल नेलं, मला हसवलं. खांबाला कुणी बोट लावलं नाही.

शंभराव्या दिवशी तो मीच उपटला. आणि न विचारता निघून गेलेल्या त्या माणसावर मी आता हवं तेवढं रागावते.