पाचवं उत्तर

शेवटची पंगत उठली, ताटं मोरीत गेली, आणि आकारामकाकांनी मेसचं शटर अर्ध्यावर ओढलं. आत दोघंच उरले होते, पूर्णिमा आणि राजवीर. दोघंही डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. डब्याचं सांगायला थांबले होते.

"काका, उद्यापासनं रात्रीचा डबा हॉस्पिटलात लागंल. बाळंतपणाच्या वॉर्डात नाईट लागलीय. मी आनि ह्यो."

"ह्यो? परवा मी कोंबडं सोलताना बघून ह्यो पांढराफटक पडलता."

"कोंबड्याला न्हाई भ्यालो काका, तुमच्या सुरीला भ्यालो," राजवीर म्हणाला.

"बरं, काय काय शिकवलंय आत्तापतूर?"

राजवीरनं ऐटीत सांगितलं. पोटावर हात कसा ठेवायचा, बाळाचं डोकं खाली आहे की वर ते कसं ओळखायचं. कळा मोजायच्या. बाळाचे ठोके ऐकायचे. वार सगळी पडली का ते बघायचं.

"आणि त्याच्या पुढं?"

"पुढं काय? बाळ झालं, वार पडली. संपलं की."

काकांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि ते समोरच्या बाकावर बसले.

"संपलं म्हनतोय," ते पूर्णिमाला म्हणाले. "बसा जरा. हे ऐकीव न्हाय. जिच्यावर बेतलं ती पोरगी तुमच्या एक वर्ष पुढं होती. अनुजा, गडहिंग्लजची. राजवीर बसलाय त्याच जागी बसून तिनं सांगितलं मला, सकाळी नाईट सुटल्यावर. चहा दिलता, तो तसाच गार झाला."

बाहेर बोळात कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं. काका सांगू लागले.

*

गेल्या वर्षीची दत्तजयंती. रात्री थंडी अशी की, बोटं वाकत नव्हती. निम्मा स्टाफ रजा टाकून नृसिंहवाडीला गेलेला, आणि जो उरला होता त्याच्या पायाला भिंगरी. अनुजा सकाळच्या ओपीडीपासून उभी होती. दुपारचं जेवण राहिलं, रात्रीचं तिनं उभ्याउभ्या चार घासांत संपवलं. डॉक्टर राजवर्धन म्हणून वरचा डॉक्टर होता, तो तर आदल्या दिवसापासून घरीच गेला नव्हता. बोलताबोलता त्याचे डोळे मिटायचे, आणि वाक्य पुरं करायला परत उघडायचे. असल्या माणसांच्या हातात आपण आपल्या आयाबहिणी देतो, आणि वर म्हणतो, डॉक्टर नीट बोलत नाहीत.

लेबर रूमला लागून एक लांबट खोली होती. नुकत्याच बाळंत झालेल्या बायांना दोन तास तिथं ठेवायचं, मग वॉर्डात हलवायचं. एका रांगेत पाच कॉट. त्या रात्री चार भरलेल्या. पहिली गारगोटीची, दुसरी हुपरीची, तिसरी पन्हाळ्याकडची, आणि चौथी कुरुंदवाडची शाहिस्ता. पोरगेली, अंगानं किरकोळ. तिसरं बाळंतपण. तिचा नवरा उमर बाहेर जिन्यात बसून होता, बाळ सासूच्या मांडीवर. पाचवी कॉट खिडकीशी, रिकामी. तिची गादी गुंडाळून उशाला लावलेली. त्या टोकाचा दिवा गेलेला होता आणि कुणी बदलला नव्हता.

अडीचच्या सुमाराला वरच्या मजल्यावर सिझेरियन निघालं. बाळ आत गुदमरत होतं. राजवर्धन आणि मदिना सिस्टर दोघंही पळाले. जाताजाता राजवर्धन दारात थांबला.

"अनुजा, दर पंधरा मिनिटाला प्रत्येकीच्या पोटावर हात. बेंबीशी पिशवी नारळासारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर चोळायची, घट्ट होईस्तोवर सोडायची नाही, आणि ओरडायचं. कळलं?"

"हो सर."

"आणि त्यांना विचारत बसू नकोस. आपल्याकडच्या बायका मरतील पण 'बरं हाय'च म्हणतील. तोंडाला विचारायचं नाही. पोटाला विचारायचं."

हे एवढं त्यांना पुस्तकात होतं. परीक्षेत अनुजा ते लिहूनही आली होती. बाळंतीण जाते ती कळांनी कमी, मागाहून जास्त. पिशवी सैल पडली की रक्त थांबत नाही, आणि ते पुढं दिसतही नाही. पाठीखाली साठत जातं, वर चादर कोरडीच.

पहिली फेरी तिनं नीट केली. चार पोटं, चार नारळ. दुसरीही केली. शाहिस्तानं हात लागल्यावर डोळे उघडले आणि हसून म्हणाली, "म्याडम, तुमचा हात लई गार हाय वं."

तिसऱ्या फेरीला अनुजा स्टुलावरून उठलीच नाही.

उठायचं होतं तिला. पाय उठले नाहीत. थकव्याला तोंड नसतं, तो आपला माणसाच्या अंगात शिरून बसतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. तिनं दाराशी बसल्याबसल्याच, शाळेत हजेरी घेतात तशी हाक दिली.

"एक नंबर?"

"बरं हाय."

"दोन नंबर?"

"बरं हाय, बाई."

"तीन?"

"हां... बरं हाय."

"चार?"

"बरं हाय म्याडम."

झालं. तिनं भिंतीला डोकं टेकलं.

"बरं हाय."

अनुजानं डोळे उघडले.

कुणी विचारलं नव्हतं. आवाज जाडसर होता, वयस्क, खेड्यातला. खिडकीकडून आला होता.

तिला वाटलं, कुणीतरी झोपेत परत बोललं. तिनं मोबाईलचा दिवा लावून लांबूनच त्या टोकाला धरला. लोखंडी कॉट. गुंडाळलेली गादी. बाकी काही नाही. खिडकी बंद. काचेवर धुकं.

आता पोरीनं काय करायला हवं होतं? उठून चारी पोटांवर हात ठेवायला हवा होता. पण चौथी कॉट त्या पाचवीच्या शेजारी. मध्ये एक माणूस उभं राहील एवढीच जागा. अनुजा उठली, पहिलीचं पोट बघितलं. घट्ट. दुसरीचं. घट्ट. तिसरीचं. घट्ट. तिथून पुढं पाऊल पडेना. डॉक्टर होणारी पोरगी ती, भूतबित मानत नव्हती. हॉस्टेलात अमावास्येला नारळ फोडणाऱ्या मुलींशी भांडायची. तरी पडेना. ती मागं फिरली आणि स्टुलावर येऊन बसली. मनाला म्हणाली, शाहिस्ता आत्ताच तर बोलली. पुढच्या फेरीला बघू.

*

"का न्हाई बघितलं?" पूर्णिमा मध्येच म्हणाली. तिचा आवाज चिडका झाला होता. "दोन पावलं!"

"तू बघितलं असतंस?"

राजवीरनं पाय बाकावर वर घेतले होते.

*

पुढची वेळ झाली. वर अजून काही हालचाल नाही. जिन्यात कुणीतरी खोकलं. अनुजानं परत हाक दिली. या वेळी जरा मोठ्यानं, स्वतःला ऐकू जावं म्हणून.

"एक नंबर?"

"बरं हाय."

"दोन?"

"बरं हाय."

"तीन?"

"बरं... हाय."

"चार?"

थोडं थांबून...

"बरं हाय."

अनुजा श्वास धरून बसली. वाट बघत राहिली. पाचवं उत्तर आलं नाही.

चार. चारच आली. बरोबर आहे. चार बाया, चार उत्तरं. मघाशी भास झाला आपल्याला. तिचे खांदे सैल पडले. ती जवळजवळ हसली.

मग तिचं हसू तिथंच थांबलं.

चौथं उत्तर जाडसर होतं.

वयस्क.

खिडकीकडून आलं होतं.

शाहिस्ता बोललीच नव्हती.

अनुजा कशी उठली, स्टूल कधी पडलं, तिला आठवत नाही. चौथ्या कॉटशी पोचली. चादर कोरडी. शाहिस्ताचं तोंड कागदासारखं. कपाळावर थंडीतही घाम.

"शाहिस्ता. शाहिस्ता, ऐक..."

ओठ हलले. आवाज नाही.

पोटावर हात ठेवला. नारळ नव्हता. कणकेचा गोळा होता. बोटं आत गेली. तिनं दुसरा हात कमरेखाली घातला. मनगटापर्यंत गरम झाला.

अनुजा चोळू लागली. सगळं बळ लावून. "सर! सिस्टर!"

वरचा मजला. दोन दारं. कुणाला ऐकू जाणार?

"ताई, आवाज द्या हो! कुणीतरी हाक मारा!"

पहिलीनं हाक मारली. दुसरी रडायलाच लागली. जिन्यातून उमर धावत आला आणि दारात थिजला. आत बायकांची खोली, त्याला आत यायला मुभा नव्हती, आणि त्या क्षणीही तो उंबऱ्यावर थांबून "काय झालं? काय झालं म्याडम?" एवढंच म्हणत राहिला. फोन करावा तर ऑपरेशन चालू असताना कोण उचलणार? त्याला वर पाठवावं तर ऑपरेशनच्या दारातून त्याला कोण आत घेणार? तिला स्वतःलाच जावं लागणार होतं. इंजेक्शन कुठलं, किती, हे ती पुस्तकातून सांगू शकली असती. कपाटाची किल्ली सिस्टरकडं होती.

हात सोडला तर पिशवी परत सैल पडणार.

हात नाही सोडला तर कुणी येणार नाही.

ती तशीच उभी. चोळतेय. हाताखाली जरा घट्ट होतंय... परत सैल होतंय. शाहिस्ताचा श्वास लांब लांब पडायला लागला.

आणि तिच्या तोंडून निघालं. कुणाला म्हणाली, तिलाही ठाऊक नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं.

"कुणीतरी धरा हो एवढं..."

खोली गप्प.

हुपरीचीचं रडणं थांबलं.

खिडकीच्या बाजूनं, अगदी जवळून, कानाशी...

"जावा तुमी."

अनुजानं हात सोडला.

पळाली. जिना. पहिलं दार. दुसरं दार. राजवर्धन टाके घालत होता. तिचे हात बघून त्याला काही विचारावं लागलं नाही. पुढचं काम दुसऱ्या डॉक्टरच्या हाती देऊन तो सिस्टरला घेऊन निघाला. तरी वेळ गेलाच. आपला हात सुटल्यापासून किती वेळ गेला, हे अनुजा खाली येताना मोजत होती. प्रत्येक पायरीला तिची खात्री होत होती की, आता आत गेल्यावर चादर तोंडावर ओढायचीच बाकी असेल.

राजवर्धननं कॉटशी येऊन पोटावर हात ठेवला. थांबला. परत ठेवला.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

मदिना सिस्टरनी सुई लावली, रक्त मागवलं, पाय उंच केले. धावपळ झाली. पहाटे चारला शाहिस्ता "पाणी" म्हणाली. जिन्यात उमर गुडघ्यांत डोकं घालून रडला.

राजवर्धननं तेव्हाच कुठं विचारलं. "तू वर आलीस तेवढा वेळ इथं कुणी धरलं होतं?"

अनुजा नळाखाली हात धुवत राहिली.

"गारगोटीची उठली असेल," तो स्वतःशीच म्हणाला आणि खुर्चीत बसल्याबसल्या झोपला. गारगोटीची उठली नव्हती. तिच्या हातात सलाईन होती. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि सकाळपर्यंत तिनं तोंड इकडं केलं नाही.

*

"कोण होती ती बाई?" राजवीरनं हळूच विचारलं.

"कोन असनार? अशाच एखाद्या रात्री कुनाला तरी 'बरं हाय' म्हनून गेलेली असंल. अशा किती गेल्या, कोन सांगनार? नाव लक्षात ठेवायला तिथं जागं कोन होतं?" काकांनी खांद्यावरचं फडकं काढून उगाच बाक पुसला. "अनुजाला बी मी हेच विचारलं. ती म्हनाली, काका, नाव विचारायला मला मागं वळून बघावं लागलं असतं."

"आणि तिनं बघितलं न्हाई?"

"न्हाई."

पूर्णिमा बाकावर राजवीरच्या जवळ सरकली.

"सकाळी मोठ्या म्याडमचा राऊंड झाला," काका म्हणाले. "त्यांनी शाहिस्ताचं पोट उघडं केलं. बेंबीच्या खाली हाताचा ठसा. पाची बोटं, निळीकाळी. म्याडम खूश झाल्या. म्हनाल्या, असं चोळायचं असतं, शिका जरा हिच्याकडनं. अनुजानं आपला हात त्याच्यावर ठेवून बघितला. तिची बोटं आखूड पडली. आणि अंगठा... तिच्या उभं राहायच्या बाजूनं न्हवता. खिडकीच्या बाजूनं होता."

"मुका मार असंल," राजवीर म्हणाला. "धा-पंधरा दिवसांत जातो."

"व्हय, जातो की." काका उठले आणि शटरला हात घातला. "गेल्या म्हयन्यात शाहिस्ता आलती दवाखान्यात. पोरगं आता धरून धरून उभं राहतंय. अनुजानं पडद्याआड नेऊन बघितलं. ठसा हाय तसाच हाय. आणि सगळं पोट गरम लागतंय... तेवढीच जागा गार."