यादीतला जास्तीचा कीबोर्ड

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईला भुताची भीती नसते, गिऱ्हाइकाची असते. त्यामुळे त्या दिवशी दुपारी दीडला मी शनिवार पेठेतल्या अमीनच्या फोटो स्टुडिओत शिरले, तेव्हा मनात फक्त जेवण राहिल्याचा राग होता.

पायरीवर हडपसरच्या मथुराबाई बसल्या होत्या. नवरा जाऊन बारा दिवस झालेले, उद्या तेरावा, आणि घरात त्याचा एकही फोटो नाही. होता तो एकच. अमीनच्या वडिलांनी, शमशुद्दीनचाचांनी, स्वतः जायच्या वर्षभर आधी इथेच काढलेला.

"घावंल ना वो फोटू?"

"सापडेल, मावशी." बोलायला काय जातं!

कॉम्प्युटर मागच्या अंधाऱ्या खोलीत होता. फोटो धुण्याच्या जुन्या औषधांचा आंबट वास तिथे अजून टिकून होता. कॉम्प्युटरला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, नुसता डबा. अशा डब्याला आपला लॅपटॉप जोडायचा आणि विचारायचं, बाबा रे, तुला काय काय जोडलंय? तो यादी देतो. यादीत फोटोंची डिस्क नव्हती.

वायर काढली, घातली, फुंकर मारली. तिसऱ्यांदा यादीत नवी ओळ आली. कीबोर्ड, जोडलेला.

"अमीन, कीबोर्ड कुठे लावलायस?"

"नाही हो ताई... अब्बा गेले तेव्हाच भंगारात दिला."

टक्... टक् टक्... आवाज डब्यामागून येत होता. तिथे भिंत होती. माझ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली.

"एक ते चार बंद. पाटी वाचता येत नाही?"

पुण्यात दुकानदाराकडून अपमान करून घ्यायची मला सवय आहे. मेलेल्या दुकानदाराकडून मात्र पहिलीच वेळ होती.

"अब्बाच..." अमीन कुजबुजला. "त्यांची झोपेची वेळ..."

"चाचा, बाहेर त्या मावशी..." मी कशीबशी म्हणाले.

टक् टक् टक्. "त्यांना सावलीत बसवा. आपण निघा."

निघालो. मावशींना सावलीत सरकवलं आणि अमीन आणि मी एप्रिलच्या उन्हात पायरीवर बसलो. आतून मधूनच टकटक ऐकू यायची, आणि आम्ही दोघं जोरजोरात उन्हाळ्याबद्दल बोलायचो.

चारच्या ठोक्याला डिस्क घरघरली. आत जाऊन पाहिलं, तर यादीत ती आली होती, कीबोर्ड गेला होता. फोटो सापडला. फाइल शेवटची बदलल्याची वेळ आजची होती, तीन वाजून दहा मिनिटं. मी ती अमीनला दाखवली नाही. गुपचूप प्रिंट काढली.

मथुराबाईंनी फोटो हातात धरला आणि उजेडाकडे वळवला.

"ह्येच हायती," त्या हळूच म्हणाल्या. "पर चाचांनी तवा लई सांगितलं, जरा हसा, हसा. कपाळाची आठी मोडली न्हाई. एकोणचाळीस वर्सांत मी ह्यांचं दात बघितलं न्हाईत..."

त्यांनी पदराने फोटोची कड पुसली आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"मग पोरी, ह्ये आज हसलं कसं?"